पाणी केव्हा तोडायचं

"ताई, ते पाण्याचं तुम्ही उलटं लिवलं जी."

रविवारची सकाळ होती, सव्वासात वाजले होते. नोव्हेंबर संपत आला होता आणि त्या दिवशीच्या पुरवणीत माझा संत्र्यावरचा लेख आला होता, पहिलं अख्खं पान. चहाचा कप बाजूला ठेवून मी तेच पान दुसऱ्यांदा वाचत होते. फोन काटोलकडच्या त्या बागायतदार भाऊंचा होता. त्यांच्या बागेत मी तीन दिवस हिंडले होते, त्यांच्या घरी दोन्ही वेळ जेवले होते. मला वाटलं, लेख आवडल्याचं सांगायला फोन केला असेल. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. "तुमचं वाचून एखाद्या नव्या पोरानं फुलावर पाणी तोडलं, तर बहार गळून जाईन ना. वर्ष जाईन त्याचं."

संत्र्याला ताण देतात हे आमच्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. झाडाचं पाणी काही आठवडे बंद करायचं, त्याची वाढ थांबू द्यायची, पानं मलूल झालेली दिसू लागली तरी मन घट्ट ठेवायचं. मग पाणी सोडलं की झाड एकदम फुलावर येतं. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात आणि जानेवारीत सोडतात. पावसाळ्यातल्या मृग बहारासाठी मे महिन्याच्या उन्हात ताण बसतो आणि तो पहिल्या पावसानं मोडतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून तिथे दिवस जास्त लागतात, हलक्या जमिनीत कमी. ताण तोडतानाही पहिलं पाणी हलकं द्यायचं, मग भरपूर. हे सगळं फुलाच्या आधी. मी लिहिलं होतं फुलाच्या नंतर.

वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात, त्यांच्याच शब्दांत वाक्य होतं: "बहार धरला की ताण देतो." मी 'धरला' म्हणजे झाडानं धरला असं समजले होते. फुलं आली, फळ धरलं, आता पाणी बंद. बागायतदाराच्या बोलीत बहार झाड धरत नाही, माणूस धरतो. यंदा आंबिया घ्यायचा की मृग, हे ठरवणं म्हणजे बहार धरणं. एकदा ते ठरलं की ताण. वाक्य त्यांनी अगदी बरोबर सांगितलं होतं आणि मी अक्षर न अक्षर बरोबर उतरवलं होतं. तरीही छापून आलं ते एखाद्याची बाग रिकामी करणारं होतं.

त्याच दिवशी संपादकांना फोन केला. दुरुस्तीची चौकट पुढच्या रविवारी येणार होती, पण डिसेंबर तोंडावर आला होता. सोमवारी एसटीनं काटोलला गेले. भाऊंनी मला चार-पाच बागायतदारांकडे नेलं आणि प्रत्येकासमोर मी चूक सांगितली. कुणीही माझं वाचून पाणी तोडणार नव्हतं, त्यांना ते पिढ्यांपासून ठाऊक होतं. एका घरी मात्र नुकताच शहरातून शेतीकडे परतलेला तरुण होता. त्यानं माझा लेख कापून खताच्या पावत्यांच्या फायलीत लावून ठेवला होता. मी पेन मागून त्या कात्रणावर 'नंतर' खोडलं आणि 'आधी' लिहिलं.

तोवर सहा वर्षं मी पूर्णवेळ लिहीत होते. तोवर लेखातली चूक म्हणजे माझ्या नावाला लागलेला डाग, एवढंच मला कळत होतं. त्या फायलीसमोर उभी असताना पहिल्यांदा लक्षात आलं की माहितीपर लिहिलेलं कुणी तरी करून पाहणार असतं. कथा वाचून माणूस हसेल, रडेल, रात्रभर जागेल. माझं वाचून तो पाणी तोडेल, अर्ज करेल, औषध फवारेल, न्यायालयात जाईल, नाहीतर मुलाला सांगेल की आपल्या गावाचं नाव असं पडलं. माझी कामाची पद्धत त्या सोमवारपासून बदलली, आणि आज जी काही आहे ती तिथूनच आली आहे.

पहिला बदल वहीत झाला. उजव्या पानावर माणूस जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. डावं पान रिकामं. घरी आल्यावर त्याच रात्री डाव्या पानावर मी लिहिते की मला यातून काय समजलं. दोन पानांमध्ये जिथे फट दिसते तिथे तांबडी खूण. दुसऱ्या दिवशी त्या खुणांसाठी फोन. "भाऊ, धरला म्हणजे कोणी धरला?" असे प्रश्न विचारताना सुरुवातीला संकोच वाटायचा, इतके दिवस राहून एवढंही कळलं नाही असं त्यांना वाटेल, ही भीती. अनुभव उलटा आला. आपल्या धंद्यातला शब्द कुणी नीट समजून घेतंय म्हटल्यावर माणसं खुलतात, आणि त्या दुसऱ्या फोनवर जे सांगतात ते पहिल्या भेटीत कधीच आलेलं नसतं. कोळशी, म्हणजे पानांवरची काळी बुरशी, पडलेलं झाड दुरून कसं ओळखायचं, जंबेरीच्या (एका लिंबाच्या) खुंटावर कलमासाठी बांधलेला संत्र्याचा डोळा लागला की नाही हे केव्हा समजतं, डिंक्या रोगात खोडाला आधी कुठे हात लावून पाहायचं, हे सगळं मला फोनवर मिळालेलं आहे.

दुसरा बदल जास्त वादाचा. लेख पाठवण्याआधी ज्याच्या कामाविषयी लिहिलंय त्याला तो भाग मी वाचून दाखवते. पत्रकारितेतल्या काही ज्येष्ठांना हे पटत नाही, आणि सत्तेतल्या माणसाविषयी लिहिताना त्यांचं बरोबरच आहे. तिथे मजकूर आधी दाखवणं म्हणजे तो बदलायचं आमंत्रण. पण सुताराचा रंधा, शेतकऱ्याचं पाणी, सुईणीचे हात यांविषयी लिहिताना वेगळा नियम हवा असं माझं ठाम मत आहे. माझं मत बदलायचा हक्क मी कुणाला देत नाही. त्याच्या कामातली माझी चूक दाखवायचा हक्क त्याचाच आहे.

नागपुरात लिहिणाऱ्याचा दिवस ऊन ठरवतं. एप्रिल-मे मध्ये मी पावणेपाचला उठते. कूलर त्या वेळी बंद ठेवते, कारण त्याच्या दमट हवेत जुने कागद सादळतात आणि शिवाय मला स्वतःचा आवाज ऐकायचा असतो. आदल्या दिवशीचं पान मोठ्यानं वाचायचं. जिथे जीभ अडखळते तिथे बहुतेक वेळा मला स्वतःलाच ते पुरतं समजलेलं नसतं. नऊपर्यंत पाचशे-सहाशे शब्द झाले तर दिवस चांगला. त्यानंतर प्रतापनगरच्या आमच्या घरात ऊन भिंतीतून आत यायला लागतं आणि डोकं नवं काही करत नाही. दुपार मग फोन, हिशेब, टाचणं जुळवणं, नाहीतर सरळ वाचनालय. झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या इमारतीत, सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या सचिवालयातल्या अभिलेखागारात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या आहेत. दस्तऐवज जवळ असताना शाई नको म्हणून तिथे मी पेन्सिलच नेते. आता घरीही पेन्सिलनंच लिहिते.

भोसल्यांच्या काळातले कागद मोडीत आहेत. चाळिसाव्या वर्षी मी मोडी शिकायला घेतली, आणि पहिले सहा महिने एकेका ओळीला अर्धा तास लागायचा. अजूनही मी सफाईनं वाचते असं म्हणवत नाही. पण एखाद्या विहिरीच्या, एखाद्या बागेच्या वादाचा कागद जेव्हा हळूहळू उलगडतो आणि दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याशी तक्रारीच्या सुरात बोलू लागतो, तेव्हा बाहेरची रहदारी खरोखर ऐकू येईनाशी होते.

काटोल रोडनं जाताना जुनापाणीची शिळावर्तुळं, प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांची कडी, लागतात. तिथून गेले की मला स्टीफन हिस्लॉप आठवतात. धर्मप्रसारासाठी आलेला हा माणूस नागपूरभर दगड, जीवाश्म आणि बोली गोळा करत हिंडला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटकडची अशीच शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात तो बुडाला. त्याची टिपणं तशीच राहिली. मध्य प्रांताचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ती जुळवून १८६६ मध्ये छापली, म्हणून गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गोंडी गीत कागदावर आपल्यापर्यंत आलं. त्या पुस्तकाची पानं चाळताना माझ्या मनात प्रत्येक वेळी एक व्यवहारी विचार येतो: माझ्या वह्या दुसऱ्या कुणाला वाचता येतील का? तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीवर तारीख, गाव आणि कोणी सांगितलं ते पूर्ण लिहिते, माझ्याच खुणांचा अर्थ वहीच्या पहिल्या पानावर देते.

आणि केतकर. मराठीत माहिती लिहून पोट भरता येईल का, हा प्रश्न मला विचारणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी श्रीधर व्यंकटेश केतकरांची गोष्ट सांगते. त्यांचा जन्म रायपूरचा, वाढले अमरावतीत, कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट केली आणि परत आले ते मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणून. त्यासाठी त्यांनी १९१६ मध्ये कंपनी काढली, भाग विकून भांडवल उभं करायचं ठरवलं, आणि ती काढली आमच्या नागपुरात. काम पुढे पुण्याला गेलं, १९२९ पर्यंत तेवीस खंड झाले. त्यातले पहिले पाच तर नुसते प्रस्तावनाखंड! माझं मन खिळतं ते त्या कंपनीवर. ज्ञानकोशाला राजाश्रय किंवा देणगी मागत बसण्यापेक्षा, हे काम आहे, याला भांडवल लागतं, लेखकांना पगार लागतो, छापखाना लागतो, आणि ते वाचणाऱ्या समाजानंच उभं करावं, ही त्यांची समज मला आजही नवी वाटते. आपल्याकडे लिहिणं ही सेवा मानली जाते. तो मान मनापासून मिळतो हे मला ठाऊक आहे, पण सेवेचं बिल पाठवता येत नाही.

पैशाचं स्पष्ट लिहिते, कारण नव्यानं येणाऱ्यांना ते कुणी सांगत नाही. माझं एक पुस्तक तीनशे रुपयांचं, हजाराची आवृत्ती, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती खपल्या तेव्हा तीस हजार झाले. खपायला चार वर्षं लागली, लिहायला दोन लागली होती. घर चालतं ते इतर कामांवर: संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी इतिहासांवर, ज्येष्ठांच्या आठवणींच्या शब्दांकनावर, अहवालांच्या अनुवादांवर, माहितीपटांच्या संहितांवर. यातलं कुठलंही काम मी दुय्यम मानत नाही. पंचाहत्तरीच्या बाईंच्या आठवणी त्यांच्या नातवंडांसाठी लिहून देताना मी जी मराठी शिकले ती कुठल्याही वर्गात मिळाली नसती. सगळ्या बिलांची एक वही, आलेल्या पैशाची दुसरी, आणि काम सुरू करण्याआधी करार कागदावर. हे तिन्ही मी पाळते.

करार असूनही एकदा ठेच लागली. एका पतसंस्थेचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहीत होते. मध्ये अठरा महिन्यांचा काळ असा होता की व्यवहार थांबले होते, ठेवीदार रोज दारात येऊन बसायचे, आणि दोन कारकुनांनी स्वतःच्या पगाराला हात न लावता संस्था उघडी ठेवली होती. माझ्या मते त्या पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण ते होतं. संचालकांनी ते काढायला सांगितलं. मी तीन वेळा जाऊन समजावलं की ठेवीदारांना तो काळ आठवतोच, पुस्तकात नसला तर बाकीच्या पानांवरचाही त्यांचा विश्वास जाईल. पटलं नाही. मी नाव काढून घेतलं, उरलेलं अर्धं मानधन सोडलं, आणि त्या वर्षी घराची रंगरंगोटी राहिली. आजही तो निर्णय मला योग्य वाटतो. दुःख एवढंच की त्या दोन कारकुनांची गोष्ट माझ्या वहीतच राहिली. त्यातले एक आता हयात नाहीत.

मोबदल्याचं म्हणाल तर मला सर्वांत मोठा वाटतो तो विचारायचा परवाना. लेखक म्हटलं की लोक दार उघडतात. पोलिसाला कुणी एवढं सांगत नाही, नातेवाइकाला तर मुळीच नाही. सरकारी कचेरीतही, माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज घेऊन गेले की तीस दिवसांत काही तरी उत्तर यावंच लागतं, पण त्याहून जास्त मला टेबलामागच्या एखाद्या जुन्या कर्मचाऱ्यानं हळूच सांगितलेलं आहे, "ताई, तो नकाशा त्या कपाटात नाही, वरच्या माळ्यावर पाहा." २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली, त्यानंतर मी नदीच्या जुन्या पात्राचा माग काढला तो अशाच एका वाक्याच्या बळावर. त्यावर वेगळं लिहीन, ते काम अजून चालू आहे.

आता एम्प्रेस मिलमधल्या आजोबांविषयी सांगायचं आहे.

जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं गेलं, नाव तिथून आलं. आज त्या जागेवर मॉल आहे. मी गिरणीवरच्या पुस्तकासाठी गोळीबार चौकाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त विणकराकडे जात होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. त्यांनी पाळ्यांचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळेल या आशेनं येणाऱ्या बदलीवाल्यांनी दारात कसं ताटकळत उभं राहायचं ते सांगितलं. मग एक दिवस म्हणाले, "धागा तुटला का मंग आमचं काम सुरू." आणि हवेतच बोटं चालवून गाठ मारून दाखवली. दोन सेकंदही लागले नसतील.

ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा तुटला की तो असा जोडावा लागतो की गाठ फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय गेली पाहिजे आणि ओढ पडली तरी निसटता कामा नये. मला ती गाठ वाचकाला दाखवायची होती. घरी येऊन एक परिच्छेद लिहिला. मोठ्यानं वाचला, आणि वाचून स्वतः दोरा घेऊन बसले. गाठ पडेना. माझ्याच वाक्यांवरून मला करता येत नव्हतं. पुन्हा गेले. आजींनी शिवणाच्या डब्यातला जाड दोरा दिला, एक टोक काळं, एक पांढरं. आजोबांचा हात आता थरथरतो, म्हणून त्यांनी माझी बोटं धरून ती फिरवली: उजवं टोक डाव्याच्या खाली घालायचं, जिथे दोन्ही एकमेकांवर येतात तिथे अंगठ्यानं दाबून धरायचं, उजव्याचा लांब भाग अंगठ्यावरून वळवून त्याच्याच टोकामागून आणि दुसऱ्याच्या पुढून आणायचा, मग डावं टोक त्या फासात खाली दाबायचं आणि लांब भाग ओढायचा. अकरा वेळा परिच्छेद लिहिला. 'अंगठ्यावरून' हा शब्द नवव्या वेळी सापडला. त्याच्याआधी मी 'वरून' एवढंच लिहीत होते आणि सगळं तिथेच बिनसत होतं.

पुस्तक आलं तेव्हा प्रत घेऊन गेले. आजोबांना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं. नववीतला नातू समोर बसून मोठ्यानं वाचू लागला, आजोबांना ऐकू जावं म्हणून अगदी ओरडून. गाठीचं पान आलं. वाचता वाचता तो थांबला, आत गेला, आजीच्या डब्यातून दोन दोरे घेऊन आला आणि पुस्तक मांडीवर उघडं ठेवून एकेका वाक्याला एकेक बोट हलवू लागला. त्याला आजोबांनी ही गाठ कधी दाखवली नव्हती. गिरणी बंद पडल्यावर तिची गरज कुणालाच नव्हती. कुणी काही बोललं नाही. आजींनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. मी माझे हात मांडीवर घट्ट धरून बसले होते, कारण पुढे होऊन दाखवायचा मोह होत होता.

दुसऱ्या प्रयत्नात गाठ पडली. त्यानं दोरा आजोबांच्या हातात दिला. त्यांनी चश्मा कपाळावर सरकवला, गाठ नखावरून फिरवून पाहिली, मग दोन्ही हातांनी दोरा जोरानं ओढला. आणखी एकदा ओढला.

"सुटून नाही राहिली," ते म्हणाले.